माणसाच्या केसांनी भरतकाम केलेल्या रेशमाबाबत या चुका टाळा

पहिली चूक नजरेची. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंत केसांचं भरतकाम दिसलं की ते मेलेल्या माणसाचेच केस, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे ताटात केस सापडला तरी जेवणावरची वासना उडते, त्यामुळे अंगावर काटा येणं साहजिकच. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिकडे मैत्रिणी, प्रेमिक, भावंडं जिवंतपणीही आठवण म्हणून केस देत. अस्थिकलश, खाली झुकलेल्या फांद्यांचं विलोचं झाड, नाव आणि मृत्यूची तारीख अशा खुणा असतील तरच शोकचित्र म्हणा.

उलट चूकही होते: शोकचित्र दिसलं की ते केसांनीच भरलेलं, असं आपण धरतो. डिसेंबर १७९९मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन वारले, त्यानंतर अमेरिकेतल्या शाळकरी मुलींनी त्यांच्या स्मरणार्थ अशी चित्रं रेशमावर भरली. ती बहुतेक रेशमी दोऱ्याची. भिंगातून पाहा. रेशमी दोऱ्यात बारीक तंतूंची लड दिसते. केस एकटा असतो, चिवट, टोकाशी ताठ.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे धुणं. नुसता ओला फडकाही नको. केस हवेतला ओलावा पिऊन सुमारे दोन टक्के लांबतो; याच गुणावर स्विस शास्त्रज्ञ सोस्यूरने १७८३मध्ये आर्द्रता मोजायचं यंत्र उभं केलं. केस सैल पडतात, खालचं रेशीम वेगळ्या मापाने हलतं आणि कापडाला चुण्या येतात. केस डिंकाने चिकटवलेले असतील तर ते सुटतातच. गंमत म्हणजे इतक्या वर्षांनी केस सहसा शाबूत असतो, फाटतं ते रेशीम. म्हणून चौकट उन्हापासून आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा. कसर दोन्ही खाते. अधूनमधून मागची बाजू तपासा.

स्वतः भरायचं असेल तर तेलकट केस घेऊ नका, रेशमावर डाग उतरतो. जुन्या कारागीर बायका केस सोड्याच्या पाण्यात उकळून घेत. बारा नंबरची बारीक सुई घ्या. केस दर टाक्याला अडकून पिंजारतो? मग तो उलटा ओवलाय. केसाचे खवले टोकाकडे वळलेले असतात, म्हणून कापडातून मुळाची बाजू आधी जायला हवी. मूळ कुठलं ते कळत नसेल तर केस चिमटीत धरून दोन्ही बोटं केसाच्या लांबीने मागे-पुढे चोळा. तो हळूहळू मुळाच्या दिशेने सरकतो. आणि गाठीवर विसंबू नका, ती सुटते. सुरुवातीला दोन बारीक उलट्या टिपा घाला.