लिपिडचं नाव बघून टीएमचा अंदाज कसा काढायचा

लायपोसोम (लिपिडचे सूक्ष्म पोकळ गोळे) करायला बसलं की पहिला प्रश्न हाच, बफर किती गरम ठेवायचा? उत्तर लिपिडच्या शेपट्यांत आहे. टीएम म्हणजे लिपिडचं ट्रान्झिशन तापमान. त्याच्या खाली शेपट्या ताठ, एकमेकींना चिकटून उभ्या असतात, याला जेल फेज म्हणतात, आणि टीएमच्या वर गेलं की त्या वळवळायला लागतात आणि मेम्ब्रेन फ्लुइड होतं. त्यामुळे शेपट्या जितक्या घट्ट बसणार तितका टीएम वर, एवढं डोक्यात ठेवा.

बरेच जण आधी कार्बन मोजतात. मी म्हणेन आधी डबल बॉण्ड शोधा, कारण खरी गंमत तिथेच आहे. डीएसपीसी या लिपिडच्या दोन्ही शेपट्या १८ कार्बनच्या, सॅच्युरेटेड (म्हणजे डबल बॉण्ड नसलेल्या), टीएम ५५ अंश. एकाच शेपटीत सिस डबल बॉण्ड आला की होतं एसओपीसी, टीएम ६ च्या आसपास, आणि दोन्हीत आला की डीओपीसी, थेट उणे १७! म्हणजे पहिल्या बॉण्डनेच जवळपास ५० अंश गेले, दुसऱ्याने त्याच्या निम्मेच. सिस बॉण्डमुळे शेपटीला बाक येतो आणि शेजारणीला नीट चिकटून बसता येत नाही. हाच बॉण्ड दोन्हीकडे ट्रान्स असेल तर शेपटी बऱ्यापैकी सरळ राहते, टीएम १२ च्या आसपास. बॉण्ड कुठे आहे तेही बघा, मधोमध असला की सगळ्यात जास्त नुकसान, टोकाकडे सरकला की कमी.

डबल बॉण्ड नसेल तर मग कार्बन मोजा. १४ चा डीएमपीसी २४, १६ चा डीपीपीसी ४१, १८ चा ५५. वाढ दर वेळी थोडी कमी होते, त्यामुळे सरळ रेष ओढून पुढचा आकडा काढू नका.

हे सगळे आकडे पीसी (फॉस्फोकोलीन) हेडग्रुपचे, म्हणजे तसं डोकं असलेल्या लिपिडचे हं. त्याच १६ च्या शेपट्यांवर पीई (फॉस्फोइथॅनोलअमीन) असेल तर ६३, कारण डोकं छोटं आणि हायड्रोजन बॉण्डिंग जास्त. कोलेस्टेरॉल भरपूर घातलं तर ट्रान्झिशन इतकं पसरट होतं की डीएससीवर (उष्णता मोजून ट्रान्झिशन दाखवणारं यंत्र) पीकच दिसत नाही.

मिक्स्चर असेल तर सगळ्यात जास्त टीएमवाला लिपिड धरा आणि त्याच्या ५-१० अंश वर काम करा. मी एकदा डीपीपीसी गरम बफरमध्ये छान हायड्रेट केलं आणि एक्स्ट्रूडर (लिपिड फिल्टरमधून ढकलायचं यंत्र) मात्र तसाच थंड ठेवला, दोन पासमध्ये सिरिंज हलेना आणि फिल्टर फाटला तो वेगळाच. तेव्हा ब्लॉक आणि सिरिंजपण आधी गरम करून घ्या.