क्रूझहून परत येताना: भिशीतल्या मैत्रिणींसाठी तयारीची यादी

आमच्या भिशीतल्या सात जणी पुढच्या महिन्यात मुंबई–गोवा क्रूझला निघाल्यात. एकेकीनं फोन करून विचारलं, काय काय घेऊ? कपडे काय न्यायचे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझी यादी परत काय आणायचं त्याची आहे. गेल्या थंडीत आम्ही गेलो होतो आणि माझ्या आईचा कोल्हापुरी साज मी खोलीतल्या लॉकरमध्ये विसरून आले. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात घडवलेला, २१ पानांचा, पानांच्या मधे जवमणी. भाड्याच्या गाडीनं परतताना खंबाटकी घाटात सासूबाईंनी सहज विचारलं, "साज पर्समध्येच ठेवलायस ना गं?" माझे हातपाय गार पडले. गाडी कडेला घ्यायला लावून फोन केला, तो उचलला जाईपर्यंत आमच्या खोलीत दुसऱ्या माणसांच्या बॅगा लागल्या होत्या.

म्हणून आधीच सांगते, पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल: खोली सोडताना लॉकर उघडा. रिकामा आहे असं वाटत असलं तरी उघडा.

आता घरापासून. खरं सोनं नेऊच नका. एक ग्रॅमचं न्या, हुपरीची चांदी न्या, समुद्रावर कोण पारख करायला बसलंय? पण सासूबाईंची पंचाहत्तरी होती म्हणून आम्ही नेलंच, तसंच तुमच्यातलीही एखादी नेणार, हे मला माहीत आहे. तिनं निदान एवढं करावं: निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक दागिन्याचा फोटो काढायचा, सराफाच्या पावतीचाही काढायचा. साज परत मिळवताना आम्हाला वर्णन विचारलं, वजन विचारलं, तुमचाच कशावरून ते विचारलं. बरोबरच आहे त्यांचं. माझ्याकडे फोटो होता तो भाचीच्या लग्नातला, त्यात साज पदराखाली अर्धा झाकलेला. पावती आईच्या ट्रंकेतून शोधून काढायला दोन दिवस गेले.

मग एक कागद घ्या आणि बारीकसारीक वस्तू त्यावर लिहा. चार्जर, चष्मे, कवळी, कानाचं मशीन, औषधांचा डबा, आधार कार्डं, दागिने. मोठ्या वस्तू लिहू नका, बॅग कुणी विसरत नाही. या कागदाबरोबर फ्रिजवरचे तीन-चार मॅग्नेटही घ्या. जहाजाच्या खोल्यांच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात, मॅग्नेट पटकन चिकटतो. कागद दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. सगळ्यात खाली जाड स्केचपेननं एकच शब्द लिहायचा: लॉकर. फोनमधली यादी उपयोगाची नाही. फोन सकाळच्या घाईत कुठंतरी उशीखाली असतो आणि तोच विसरायच्या यादीत पहिला असतो.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलात तर सकाळी सीएसएमटीला उतराल, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जवळच आहे. बंदरावर मोठ्या बॅगा टॅग लावून त्यांच्या ताब्यात द्याव्या लागतात, त्या खोलीत पोचायला काही तास लागतात. औषधं, आधार, दागिने हातातल्या बॅगेत. याचं कारण सांगत बसत नाही.

इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड, चहाची इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे तपासणीत असल्या वस्तू काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. म्हणजे त्या मागायला तुम्हालाच जावं लागतं. माझ्या जाऊबाईंची किटली तशीच राहिली. पावती पर्समध्ये कोल्हापूरपर्यंत आली.

खोलीत शिरलात की पहिल्या तासात काय करता त्यावर पुढचं सगळं ठरतं. सगळीकडे पांढरं. चादर पांढरी, दुलई पांढरी, टॉवेल पांढरे, उशा चार-चार. आपली पांढरी वायर, पांढरा रुमाल, मोत्याची कुडी त्या पांढऱ्यावर ठेवली की संपलं. खोली आवरणारी मुलं चादर झटकत बसत नाहीत, चारी कोपरे धरून गठ्ठा करतात आणि तो थेट धुलाईला जातो. त्यांना दोष देऊ नका, एकेकाकडे कितीतरी खोल्या असतात. घरून एक तांबडं फडकं न्या, रुमालाएवढं पुरे. ते टेबलावर अंथरा आणि लहान वस्तू त्याच्यावरच ठेवायची, दुसरीकडे कुठंही नाही. रात्री कानातलं काढलं तरी उठून तिथं जाऊन ठेवायचं. आळस आला तरी.

सासूबाईंची कवळी अशीच गेली. रात्री काढून टिश्यूत गुंडाळली आणि बेसिनच्या कडेला ठेवली, डबी बॅगेत खाली होती म्हणून. सकाळी आम्ही नाश्त्याला गेलो, खोली आवरली गेली, बेसिन लख्ख. चुरगळलेला टिश्यू पेपर कोण उघडून बघणार? कचऱ्याच्या पिशव्यांपर्यंत चौकशी केली त्या लोकांनी, सापडली नाही. पुढचे दोन दिवस त्यांनी ताक-भात आणि सूप खाऊन काढले, आणि चारचौघांत तोंडाला पदर लावून बसल्या. ज्या वाढदिवसासाठी गेलो होतो त्याचा केकसुद्धा त्यांनी खोलीत बसून खाल्ला. मला अजून ते आठवलं की गलबलून येतं. म्हणून सांगते, कवळी डबीतच, आणि डबी रंगीत घ्या. कानाचं मशीनही तसंच. टिश्यूमध्ये काहीही गुंडाळायचं नाही, अंगठीसुद्धा नाही.

आंघोळीला जाताना मंगळसूत्र काढून बाथरूमच्या हुकाला अडकवायची सवय असेल तर इथं चार दिवस मोडा. हूक दाराच्या मागं असतो, दार उघडं राहिलं की तो दिसतच नाही. काही जहाजांवर न्हाणीत कपडे वाळत घालायची बारीक दोरी ओढून काढता येते. तिच्यावर वाळत घातलेलं पडद्याआड राहतं.

बाल्कनीत काही वाळत घालू नका. जहाज चालू असताना वारा असा असतो की चिमटे लावूनही ओढणी जाते, आणि गेलेली वस्तू समुद्रात पडते किंवा खालच्या कुणाच्या बाल्कनीत. आपली चांगली कोल्हापुरी चप्पलही रात्रभर बाहेर ठेवू नका, खाऱ्या दमट हवेनं चामडं खराब होतं. जहाज हलतं तेव्हा टेबलावरचं गोल काही असेल ते घरंगळून पलंगाखाली जातं. पलंगाखाली रिकाम्या बॅगा सरकवायला जागा असते, तिथं शेवटच्या दिवशी मोबाईलचा टॉर्च लावून बघा. आम्हाला मुलाचा एक बूट आणि आमची नसलेली एक बांगडी सापडली. बांगडी रिसेप्शनला दिली. बिचारी कोण होती कुणास ठाऊक.

आता लॉकर. तो असतो कपाटाच्या आत. दार उघडलं की आधी हँगर दिसतात, बाथरोब लटकत असतात, त्यांच्या मागं तो डबा. तुम्हीच चार आकडे टाकून बंद करता. मुलांची जन्मतारीख वगैरे टाका, नवीन आकडा शोधू नका. आणि ठेवलं की दाराच्या कागदावर लगेच लिहा काय ठेवलंय ते. उद्या लिहू म्हणू नका.

तिथं माझं कसं चुकलं ते नीट समजून घ्या, कारण विसरभोळेपणाचा प्रश्न नाही. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवायला सांगतात. रात्रीत त्या गोळा करतात, सकाळी बंदरावर मिळतात. म्हणजे खरी आवराआवर होते ती रात्री. तेव्हा तुम्ही कपाट पूर्ण रिकामं करता, पण लॉकर मुद्दाम बंद ठेवता. रात्रभर दागिना पर्समध्ये कशाला? सकाळी काढू. आणि सकाळी आवरायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे कपाट उघडायचं कारणच उरत नाही. खोली मोकळी दिसते, मन म्हणतं झालं सगळं. मी पलंगाखाली बघितलं, बाथरूम बघितलं, ड्रॉवर ओढून बघितले. कपाट रात्री आवरलं होतं म्हणून उघडलं नाही.

यावर कुणीतरी उपाय सांगितला की सकाळी घालायची एक चप्पल लॉकरमध्ये ठेवावी, मग उघडल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. युक्ती बरोबर आहे, पण लक्ष्मीशेजारी चप्पल ठेवणं आमच्या घरात व्हायचं नाही, तुमच्याही नाही. मी दुसरं सांगते. सकाळी जी साडी नेसणार तिचा ब्लाऊज घडी करून दागिन्यांवर ठेवा आणि लॉकर बंद करा. ड्रेस घालणारीनं सलवार ठेवावी. ब्लाऊज काढायला लॉकर उघडावाच लागेल, आणि उघडला की साज समोर दिसेल. एवढं कराच. बाकी निम्मी यादी विसरलात तरी एवढं कराच.

त्याच रात्रीचं आणखी थोडं. सकाळचे कपडे, चप्पल, गोळ्या, चष्मा, कवळीची डबी बाहेर काढून मगच मोठी बॅग पॅसेजमध्ये द्या. एकदा बॅग गेली की सकाळपर्यंत हाताला लागत नाही. चार्जर रात्री लावून झोपणार असाल तर सकाळी तोच राहतो, तेव्हा वायर पर्सच्या पट्ट्यातून ओवून ठेवा.

जहाजाचं सामान जहाजावरच ठेवा. बाथरोब, टॉवेल, हँगर यातलं काही आपलं नाही. पोहण्याच्या तलावावरचा टॉवेल बऱ्याच ठिकाणी कार्डावर नोंदवून देतात, परत नाही केला तर पैसे खात्यावर लागतात. पैसे भरून नेलं तरी चालतं असं कुणी म्हणालं तरी नको. कोल्हापूरचं नाव निघतं.

सकाळी सगळे एकदम बाहेर पडू नका. दोघींनी मागं थांबायचं, एकीनं कागद वाचायचा, दुसरीनं वस्तूला हात लावून 'आहे' म्हणायचं. नुसतं बघून नाही, हात लावून. उशा उचला. सॉकेट बघा. ड्रॉवर. पलंगाखाली. बाथरूमचं दार आतून लावून हूक बघा. तपासणीत जमा केलेलं काही असेल तर आणा. लॉकर उघडा, आणि उघडा ठेवूनच निघा, म्हणजे दारातून मागं वळून बघितलं तरी कळेल.

तरी काही राहिलंच, तर बंदरातून हलू नका. जहाज सकाळी रिकामं होतं आणि बऱ्याचदा त्याच दिवशी नवे प्रवासी घेऊन निघतं, मधे हातात असतात थोडे तास. खोलीचा नंबर, डेक, वस्तू कुठं होती, फोटो, हे सगळं जहाजाच्या माणसांना तिथंच द्या. माझा लॉकर त्यांनी दोन माणसांसमोर उघडला, वहीत नोंद केली, साज पाकिटात सील केला. आठ दिवसांनी जहाज परत मुंबईला लागलं तेव्हा आमचे हे रात्रीच्या गाडीनं जाऊन घेऊन आले. २१ पानं मी दारातच मोजली.

सीएसएमटीहून परतीची महालक्ष्मी रात्रीची आहे, त्यामुळे तुमच्या हातात अख्खा दिवस आहे, आमच्या हातात नव्हता. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसल्यावर नाही, बंदराच्या फाटकाच्या आत असतानाच पर्स उघडून दागिन्यांचा बटवा चाचपा.