भुईमूग पेरण्याआधी झावळीची पूड करून ठेवा

भात झोडून झालं, पेंढ्याची उडवी रचली, की पाण्याची सोय असलेल्या मळ्यांत वायंगणी भुईमूग पडेल. त्याआधी या कोरड्या उन्हात एक काम उरकून घ्या: शेंडेमर रोगावरच्या अर्कासाठी नारळाच्या झावळीची पूड.

दरवर्षी थंडीत कोणी ना कोणी शेंडा वाळलेलं भुईमुगाचं रोप हातात घेऊन येतं आणि विचारतं, "यावर काय मारू?" तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, आणि त्याचं फार वाईट वाटतं. शेंडेमर हा विषाणूचा रोग. फुलकिडे तो पसरवतात. आधी कोवळ्या पानांवर पिवळसर वलयं दिसतात, मग शेंडा करपतो आणि झाड खुजं राहतं. विषाणू एकदा झाडात शिरला की त्याला मारणारं औषध नाही. जे करायचं ते झाड निरोगी असतानाच.

झाडाला स्वतःची प्रतिकारशक्ती असते. १९६१ साली रॉस या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या खालच्या पानांना मुद्दाम विषाणू लावला. काही दिवसांनी वरच्या निरोगी पानांना तोच विषाणू लावून पाहिला, तर तिथे डाग कमी आले आणि बारीक आले. खालच्या पानांचा निरोप वर पोचला होता. सॅलिसिलिक आम्ल या निरोपाच्या कामात असतं, हे पुढे कळलं. काही वनस्पतींच्या अर्कांनीही झाड असंच सावध होतं, रोग न होता. मात्र त्याला तयारीला काही दिवस लागतात. म्हणूनच रोग दिसल्यावर मारलेला अर्क वाया जातो.

आपल्याकडे यासाठी लागणारं झाड परसातच आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने भुईमुगाच्या शेंडेमरसाठी नारळाच्या किंवा ज्वारीच्या पानांच्या अर्काची शिफारस केलेली आहे. पाडेली नारळ काढायला चढेल तेव्हा खालची एखाद-दुसरी निरोगी झावळी उतरवून घ्या. अर्कापायी माड बोडका करू नका, उत्पन्नाला फटका बसतो. हीर काढून टाका, पाती ओटीवर वाळवा, बारीक तुकडे करा आणि दळून पूड करा. ही पूड कोरड्या डब्यात भरून ठेवली की पेरणीनंतर धावपळ होत नाही.

अर्क करताना १ किलो पुडीला २ लिटर पाणी घ्या आणि ६० अंशांवर तासभर तापवा. पाण्यातून वाफ यावी, पण उकळी फुटू नये. चुलीवर करणार असाल तर निखाऱ्यावर ठेवा, जाळावर नको. शक्य असेल तर तापमापी वापरा. फडक्यातून गाळा आणि पाणी घालून एकूण १० लिटर करा. एवढा अर्क दोन गुंठ्यांना पुरतो, कारण शिफारस हेक्टरी ५०० लिटरची आहे. गाळण्यात कंजुषी केलीत तर पंपाचं नोझल तुंबतं. तणनाशक मारलेला पंप असेल तर आधी नीट धुवा.

फवारण्या दोनच: पेरणीनंतर १० व्या आणि २० व्या दिवशी. रोप तेव्हा इवलंसं असतं आणि एवढ्यात कशाला, असं वाटतं. हीच वेळ चुकवू नका. ऊन कललं की मारा, पानांची खालची बाजूही भिजू द्या.

नुसत्या अर्कावर विसंबू नका. पेरणी विरळ करू नका. दाट पिकात शेंडेमर कमी दिसते. पहिल्या सहा आठवड्यांत रोगट झाड दिसलं की उपटून शेताबाहेर नेऊन नष्ट करा.

पुनर्नवेची मुळं, बोगनवेल आणि गुलबाक्षी यांतही विषाणूंना अडवणारी प्रथिनं सापडली आहेत. परसातल्या चवळीच्या किंवा भेंडीच्या चार रोपांवर त्यांचा अर्क मारून बघायला माझी हरकत नाही, पण सगळ्या वाफ्यावर नको. वांगी-मिरचीची मर जिवाणूची किंवा बुरशीची असते, जमिनीतून येते, तिला हा अर्क उपयोगाचा नाही. सुपारीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगाला मोरचूद-चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रणच. आंब्याच्या मोहोरावर तर कोणताही घरगुती प्रयोग करू नका. वर्षभराची कमाई त्या फांद्यांवर असते. भुरी आणि करप्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक पाळा.

आणि भुईमुगाचे दोन वाफे, एक बांधाकडचा आणि एक मधला, मुद्दाम न फवारता सोडा. सहाव्या आठवड्यात फवारलेल्या आणि न फवारलेल्या वाफ्यांतली शेंडा वाळलेली झाडं मोजून वहीत लिहा. उपटलेली झाडंही त्यात धरा, नाहीतर हिशेब चुकेल.