हॉटेलात पाय घसरून पडलात तर

हॉटेलात बेसिनपाशी फरशी कायम ओली असते. तिथं घसरून हाड मोडलं, तर निघण्याआधी सोबतच्याला फोटो काढायला सांगा. फरशी पुसली की पुरावा गेला. बिलही जपा. दवाखान्यात केस पेपरवर पडल्याची खरी जागा लिहून घ्या. घाईत ‘घरी पडले’ लिहिलं जातं आणि पुढं तेच आपल्यावर उलटतं. पैसे मोजून घेतलेल्या सेवेत हलगर्जी झाली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर लातूर, बीड, परभणी, कुठंही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.