‘दम लागून रायला’ : बॉन्डवर येणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

सप्टेंबर, कपाशीवर फवारणीचे दिवस. बॉन्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नुकताच रुजू झालो होतो. रात्री आठला पस्तिशीचा एक गडी आला. "सायेब, दम लागून रायला." छातीत दोन्हीकडे घरघर. दमा ठरवून मी मोकळा झालो, नेब्युलायझर लावला आणि केसपेपर लिहायला बसलो. सिस्टर त्याचं तोंड पुसत होत्या. तिसऱ्यांदा पुसल्यावर म्हणाल्या, "सर, याची लाळ थांबून नाही रायली." मग उठून नीट पाहिलं. बनियन घामानं चिंब, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. दिवसभर पंप पाठीवर होता, तोंडाला फडकंही नव्हतं. अ‍ॅट्रोपीन, म्हणजे कीटकनाशकाच्या विषावरचं औषध, सुरू केलं, दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत गेलो. लक्ष बाहुल्यांवर नाही, छातीवर ठेवायचं. छाती कोरडी झाली की डोस दुप्पट करणं थांबवायचं. मग १०८ बोलावून त्याला जिल्ह्याला पाठवलं. तो वाचला. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली होती. मी ते पेपरात वाचलं होतं, तरी समोर आल्यावर ओळखलं नाही.

आपल्याकडे ‘दम’ या एका शब्दात धाप, छातीवरचा भार, अशक्तपणा, घाबरणं असं सगळं येतं. म्हणून आधी शब्द सोडवून घ्यायचा. पुस्तकात लिहिलंय, झोपताना किती उश्या लागतात ते विचारा. इथं माणूस वाकळीवर झोपतो, उशी असेलच असं नाही. मी विचारतो, "आडवं झाल्यावर जीव घाबरते का? रात्री उठून बसा लागते का?" हो म्हटलं की पाय दाबून सूज बघायची, मानेची शीर बघायची. हृदयाच्या आजारातही घरघर ऐकू येते. तरुण बाई, त्यात सातवा महिना आणि थुंकीत रक्त, अशी आली तर हृदयाची झडप अरुंद झाली असेल ही शंका आधी घ्या.

दुसरा सापळा म्हणजे ऑक्सिमीटर. सॅच्युरेशन ९७, छाती साफ आणि श्वास मिनिटाला ३६, असा पेशंट घाबरलेला म्हणून घरी पाठवू नका. साखर तपासा, पापणी उलटून पांढरी आहे का पाहा, सिकलसेलचं, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं, विचारा. सिकलसेलच्या पेशंटला ताप, छातीत दुखणं आणि धाप एकत्र आली तर त्याला केंद्रात ठेवून वाट पाहू नका. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला पोरगा पहाटे पोटदुखीनं उठला, पापण्या जड झाल्या, श्वास तोकडा पडला, तर मण्यार. दाताची खूण बहुतेकदा सापडतच नाही.

जुन्या खोकल्याचं त्या मानानं सोपं आहे. दोन आठवड्यांच्या वर गेला की बेडका तपासणीला. तोवर लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देऊ नका. क्षयरोग्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं. बाईनं कधी बिडी ओढली नाही म्हणून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, वगळणारेही भेटतात. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला तो होतो.

लहान लेकरासाठी मात्र स्टेथोस्कोपच्या आधी घड्याळ. आई म्हणते "डब्बा झाला", म्हणजे न्यूमोनिया, तेव्हा अंगडं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. तेवढे किंवा जास्त भरले तर श्वास जलद. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या कार्यकर्त्यांनाही हे मोजणं शिकवलं होतं, तर आपल्याला जमायला हरकत नाही. रडत्या लेकराचे श्वास मोजून उपयोग नाही. आईला म्हणायचं, "बाई, पाजून घे अगोदर, मग पाहू." बाहेर रांग कुरकुरते. कुरकुरू द्या.