कोकणातली माती उपग्रहातून वाचताना

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरच्या आधी पीक-वेळापत्रक मांडायला लावते. कोकणात कुठल्या तारखेचं चित्र घेतलं, यावर मातीचा अर्धा नकाशा ठरतो.

जून ते सप्टेंबर आभाळ गच्च. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार ढगांपार पाहतं, पण त्यातून कळतं ते खाचरातलं पाणी आणि ओल. मातीचा रंग नव्हे. भात कापलं की कुठे वाल, कुठे कुळीथ. जमीन खरी उघडी पडते उन्हाळ्यात, आणि नेमके तेव्हाच राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात. भाजलेला तुकडा चित्रात काळपट दिसतो आणि सेंद्रिय कर्ब भरपूर असलेली मातीही गडदच दिसते. म्हणून आधीच्या महिन्याचं चित्र शेजारी ठेवा. एकाएकी काळा पडलेला तुकडा बहुधा राबाचा.

पेण-अलिबागकडच्या खार, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचं उलट आहे. तिथे एप्रिल-मेचंच चित्र हवं, कारण पाणी वर चढून सुकतं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. पावसात ते विरघळून खाली जातात. तेच शेत ऑगस्टमध्ये निर्दोष दिसेल. खारं पाणी बांधातल्या कुठल्या उघाडीतून (पाणी सोडायच्या दारातून) आत येतं, हे मात्र शेतकऱ्यालाच विचारा. ते उपग्रहाच्या कुठल्याच पट्ट्यात (तरंगलांबीच्या गटात) दिसत नाही.

प्रकाशचित्रं घेणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दृश्य पट्ट्यांचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. मातीसाठी महत्त्वाचे लघुतरंग अवरक्त पट्टे २० मीटरचे, म्हणजे चार गुंठे. आपली खाचरं केवढी, हे तुम्हाला माहीत आहे. बांधालगतचे पिक्सेल मी सरळ वगळते. आंबा-काजूच्या बागेत तर उपग्रहाला पानंच दिसतात, तिथे मातीबद्दल दावा करू नये.

सामू (pH) आणि स्फुरद (फॉस्फरस) चित्रातून थेट मिळत नाहीत. जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे तो पिकाला किती मिळेल हे प्रयोगशाळाच सांगते. नमुने घ्यायचेच. बांध, झाडाची सावली, शेणखताचा ढीग टाळून १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या. मोबाइलचं जीपीएस स्थिर होऊ द्या, मगच जागा नोंदवा. यातले काही नमुने नकाशा बनवताना अजिबात वापरू नका. नकाशा तयार झाल्यावर त्यांचे आकडे त्यावर ताडून पाहा.