ट्रॅकसाठी टायर घेताना बाजूवरचे आकडे वाचा

मुंबईत रेस ट्रॅक नाही. कोइमतूरच्या करी स्पीडवेला गाडी चालवत न्यायची, दिवसभर पळवायची आणि त्याच टायरांवर घरी यायचं, असा आपला हिशेब. म्हणून सगळ्यात मऊ रबराच्या मागे लागू नका. टायरच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' आकडा, म्हणजे रबर किती टिकेल याचा अंदाज, असेल तर बघा. २०० च्या आसपासचा टायर पकड देतो आणि घरीही आणतो. ४०० वाला टिकतो जास्त, पण ट्रॅकवर तापला की घसरायला लागतो. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, तेव्हा दोन ब्रँडची तुलना त्यावरून काटेकोर होत नाही.

तारीख मात्र बघाच. टायरच्या बाजूवर 'DOT' ने सुरू होणारा कोड असतो, त्या डीओटी कोडचे शेवटचे चार अंक '२३२४' असतील तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला. दुकानदार 'नवाच आहे साहेब' म्हणेल. गोडाऊनमध्ये तीन वर्षं पडलेलं रबरही दिसायला नवंच असतं.

घेतल्यावर टायर खातो तो बहुतेक वेळा हवेचा दाब. तापल्यावर तो चार-सहा पीएसआय सहज वाढतो. ट्रॅकवरच्या पहिल्या सेशननंतर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागी, गरम असतानाच मोजा आणि जास्तीची हवा काढा. परतीला निघताना ती पुन्हा भरा, नाहीतर खंबाटकी येईपर्यंत कडा झिजलेल्या दिसतील.